मागची सीट

एकतीस वर्षं मी हे बेट
एका पाठीच्या कडेकडेनं पाहिलं.
जाताना डावीकडे समुद्र, उजवीकडे लसणाची शेतं,
येताना उलट,
आणि मधोमध लुओंगचा शर्ट,
मानेखाली घामाचा नकाशा.
रस्ता समोरून कसा येतो
हे मला ठाऊकच नव्हतं.

सदुसष्टाव्या वर्षी तो अंगावर आला.

नात ख्वे म्हणाली, आजी, आधी नुसती बस.
बसले.
म्हणाली, किल्ली फिरव.
फिरवली.
म्हणाली, आता उजवी मूठ पीळ, हळूच,
ओलं फडकं पिळतेस तशी नाही.
पण मला पिळणं तेवढंच येतं.
स्कूटर धक्क्यावरून जी सुटली
ती वाळत घातलेल्या माकुळांच्या दोन जाळ्या घेऊन.
एक कुत्रा वाचला.
बर्फ फोडणारी माणसं
हातोडे वरच धरून बघत राहिली.

शेजारची तिन्ह फेरीबोटीवरच्या बायकांना सांगत सुटली,
साठी बुद्धी नाठी,
आणि हिला तर आता सत्तरी लागेल!
खरंय.
पण दवाखाना बेटाच्या दुसऱ्या टोकाला,
मुलगा सायगावात, फोनवर म्हणतो भाड्याची गाडी कर,
आणि लुओंगच्या डाव्या पायात
पंचवीस वाव पाणी बसलंय.
म्हातारपणी, पोरांच्या बोटीवर,
शेवटचं एकदा म्हणून
समुद्रकाकड्या काढायला उतरला
आणि फार घाईनं वर आला.

ख्वे म्हणाली, खड्डा नको असेल
तर खड्ड्याकडे बघू नकोस.
नजर जाते तिथं चाक जातं.

मी वाऱ्याच्या कबरींकडे बघितलं.
समुद्रानं परत न दिलेल्यांच्या त्या,
आत मातीचं माणूस निजवलेलं,
कारण खरं सापडलंच नाही.
दिराच्या कबरीशी सवयीनं मान वळली
आणि चाक गेलं लसणात.
पांढऱ्या वाळूतले दोन वाफे भुईसपाट.
मालकाला सात किलो भरून दिला.
दुसऱ्या दिवशी त्याच वळणावर, समोर बघत, म्हटलं,
भाऊजी, रागावू नका,
शिकेपर्यंत तुमच्याकडे बघणार नाही.

आता खरं सांगते.
मागे बसून मी बोलायचे.
वारा शब्द तोंडातूनच उचलून न्यायचा,
म्हणून.
घरात जे ओठांवर आलं नाही
ते सगळं त्या पाठीला सांगितलं.
तुझ्या आईनं माझी कर्णफुलं विकली
ते मला त्याच रात्री कळलं होतं.
दुसऱ्या बाळंतपणानंतर महिनाभर
मला तुझ्या अंगाचा खारा वास नकोसा झाला होता.
सा क्यी बंदरातला एक शिंपी
मी दिसले की सुईत दोरा ओवायचा विसरायचा,
आणि मी विनाकारण तिथून जायचे.
पाठीनं कधी उत्तर दिलं नाही.
माणसापेक्षा ती पाठच मला
जास्त जवळची होती की काय, कोण जाणे.

परवा मंगळवारी त्याला पहिल्यांदा मागे बसवलं.
ख्वेनं त्याचा डावा पाय
जुन्या जाळ्याच्या दोरीनं पायरीला बांधला.
बाजार येईपर्यंत त्याचं चालू होतं,
ब्रेक. हॉर्न दे. अगं ती कोंबडी.
हात मात्र माझ्या कमरेला नाही,
मागच्या दांडीला घट्ट,
मी धरायचे तशी.

डोंगराच्या चढाला आवाज बंद झाला.
झोपला की काय म्हणून आरशात पाहिलं.

हेल्मेटच्या पट्ट्यावर त्याचे ओठ हलत होते.
सावकाश. मध्येच थांबत.
डोळे माझ्या पाठीवर.

काही ऐकू आलं नाही.
विचारलंही नाही.
चढ संपला आणि समुद्र
सगळाच्या सगळा समोरून येऊ लागला.
मी मूठ आणखी थोडी पिळली,
ओल्या फडक्यासारखी.

दवाखान्याचा फाटा मागे गेला.
जाऊ दे.
पुढच्या वळणावरून फिरू.